ताक आणि तान

पुदिना खुडताना बोटांना त्याचा वास लागला, की मला जूनच्या सुट्टीतलं ते शिबिर आठवतं. मी सिंगापूरला नवीनच आले होते आणि सेंगकांगमधल्या आमच्या आर्मेनियन शेजारणीने मला त्यांच्या चर्चच्या मुलांच्या शिबिरात स्वयंपाकाला मदतीला नेलं होतं. सकाळी प्रार्थना, मग त्यांची अक्षरं गिरवणं, गाणी, आणि दुपारी झाडाखालच्या लांब टेबलावर जेवण. मुलं आपसात इंग्रजीतच बोलायची. एक सात-आठ वर्षांची मुलगी मात्र आठवड्यापूर्वीच आर्मेनियाहून आलेली, तिला इंग्रजीचा गंध नव्हता. दोन दिवस तिने ताटाला हात लावला नव्हता. शेजारणीने त्यांच्या भाषेत परोपरीने समजावलं, तरी नाही. "आज जेवली नाही, तर उद्यापासून आई पाठवणार नाही तिला," शेजारीण म्हणाली. उकडत होतं, म्हणून मी दही घुसळून त्यात मीठ-पुदिना घातला आणि पेला तिच्यापुढे ठेवून म्हटलं, "ताक." तिने घोट घेतला, थांबली, आणि माझी चूक सुधारावी तसं म्हणाली, "तान." मी म्हटलं, "ताक." ती ठामपणे, "तान." "आमच्याकडे तानच म्हणतात याला," शेजारीण हसत म्हणाली, तशी तीही हसली. पेला रिकामा करून तिने पुन्हा पुढे केला आणि दुसऱ्या हाताने रोटी ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी तर पळी माझ्या हातातून काढून घेऊन तीच सगळ्यांना वाढायला लागली. त्या संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला, तेव्हा पुण्याला परत कधी जायचं, हा माझा रोजचा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारला नाही. आता तर तोच कधीतरी विचारतो.