रुसलेले यंत्र

मायबाप, पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या एका कारखान्यात पाळ्यांचा नियोजक होता. सगळे त्याला मास्तर म्हणत, कारण आखायच्या पट्टीवाचून त्याचे पान हलत नसे. थोरल्या बहिणीने, ताईने, हात धरून त्याला पहिले अक्षर गिरवायला शिकवले होते. तीच ताई याच कारखान्यात चार नंबरचे पुठ्ठा कापायचे यंत्र चालवी.

यंत्रघराच्या दाराशी एक लाकडी बाक होता. दुपारी दोनला सुटणारे आणि येणारे कामगार दहा मिनिटे त्यावर टेकत. सुनांची गाऱ्हाणी निघत, जावयांची टिंगल चाले, आणि त्यातच कुणी सहज म्हणे, "चार नंबर आज रुसलंय हं." म्हणजे थांबवल्यावरही पाते एकदा खाली येते. एवढ्या एका शब्दाने पुढच्या पाळीचे हात जपले जात.

मास्तरने वेळ वाचवायला बाक तिथून हलवला, ती दहा मिनिटे छाटली आणि भिंतीवर तक्ता लावला: यंत्र चालू की बंद, खूण करा.

"अरे शहाण्या," ताई म्हणाली, "यंत्रांची दुखणी आम्हाला गप्पांतच कळतात."

"ताई, गप्पा तक्त्यात बसत नाहीत."

"म्हणून तर बाकावर बसतात."

तो हसला. हसला आणि विसरला.

महिन्याभराने आधीच्या पाळीच्या कारागिराने 'चालू'पुढे खूण केली आणि मागच्या दाराने तो घरी गेला. तो खोटे बोलला नव्हता. यंत्र चालूच होते. रुसण्याला मात्र तक्त्यात घर नव्हते. ताईने यंत्र थांबवले आणि अडकलेला पुठ्ठा काढायला उजवा हात आत घातला.

इस्पितळाच्या बाकड्यावर बसून मास्तरने गुंतागुंतीच्या व्यवस्थांचे शास्त्र वाचले. माणसांच्या मेळ्यात शिस्त वरून ओतावी लागत नाही, ती त्यांच्या देण्याघेण्यातून उमलते. आणि इवलासा बदल कुठवर पोचेल, ते आधी सांगता येत नाही. ओळ न ओळ खरी होती. पण ती ओळ ताईने त्याला फुकट सांगितली होती, मायबाप, आपल्या हाताने घडवलेल्या भावाला सांगितली होती.

"बाक परत ठेवलाय," तो तिच्या उशाशी बसून म्हणाला. "दहा मिनिटंही परत दिली."

"कोण बसतं?"

"कोणी नाही. मी जवळ गेलो की गप्प होतात, मागच्या दारानं निघून जातात. दोनला मी एकटाच बसतो."

ताईने डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. "मग उद्यापासून तिथं बसू नकोस, बाळा. लांब राहा. येतील, नाही तर नाही येणार. तुझ्या सांगण्यानं नाही येणार."

तेव्हापासून मास्तर दोनला फाटकापाशी उभा राहतो. वर्ष उलटले. बाकाकडे पाहतो. बाकावर धूळ आहे.