इरमचा बिल्ड आणि अब्बांचे लूम

भिवंडीत काहीही बिघडलं की दोष लाईटचा. पंखा मंद फिरला, टीव्ही उडाला, फार काय जावई रुसला, तरी "व्होल्टेज नसेल" म्हणून मोकळे होणारे आम्ही लोक. समोरच्या इरमचा कॉम्प्युटर गोठायला लागला तेव्हाही सगळ्या गल्लीने लाईटलाच धरलं.

धामणकर नाक्यामागे गुलाम हुसेन यांची लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड, आणि वरच्या खोलीत त्यांच्या लेकीचा, इरमचा, कॉम्प्युटर क्लास. साल २००६. मशीन सगळी जुनी, ऑफिसांनी टाकून दिलेली. त्यांवर ती मुलींना प्रोग्राम लिहायला शिकवायची, फुकट मिळणाऱ्या कंपायलरवर. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा प्रोग्राम. जगभरातली माणसं तो मिळून बनवायची, आणि लहान मशीनवर तो नीट बांधला जातो ना, हे बघायचं काम इरमने अंगावर घेतलं होतं. नवी आवृत्ती बांधली गेली नाही, तर असल्या मशीनना ते वगळणार होते. म्हणजे क्लास संपला.

बिल्ड, म्हणजे कंपायलर बांधायचं हे काम, लावला की अर्ध्यात मशीन गोठायचं. एकदा लूम बंद असताना तो जरा पुढे सरकला, आणि तिथेच घात झाला.

"लूमच करंट खेचतात, बेटा," गुलाम हुसेन म्हणाले. "तू लाव तुझं काम, मी शेड बंद ठेवतो."

लाडकी लेक, दुसरं काय. कापड वेळेवर जाईना. सूत देऊन कापड विणून घेणारा व्यापारी आपलं सूत उचलून घेऊन गेला. कारागीर दुसऱ्या शेडला लागले. इरम वर डोकं धरून बसलेली, आणि बिल्ड गोठतच होता. मला तिचा राग यायचा, पण तिचा चेहरा बघितला की तो टिकायचा नाही. तिचं जेवणखाण सुटलं होतं.

शेड पार गप्प झाली तेव्हा तिला हार्ड डिस्कची घरघर ऐकू आली. लूमच्या खडखडाटात ती कशी ऐकू येणार? मेमरी भरली की मशीन उरलेलं डिस्कवर टाकत सुटतं आणि त्यातच गोठतं. व्होल्टेजचा संबंधच नव्हता; त्या दिवशी बिल्ड पुढे सरकला तो योगायोग. बिल्डमधलं एक टूल फाईल वाचायचं आणि काम झालं तरी मेमरी सोडायचंच नाही. इरमने ते दुरुस्त केलं: एक फाईल वाच, काम उरक, मेमरी सोड, मग पुढची.

बिल्ड लावून ती खाली आली.

"अब्बा, लाईटचं काही नव्हतं. चूक त्या टूलमध्ये होती. लूम चालू असते तरी फरक पडला नसता."

ते म्हणाले, "नक्की?"

"नक्की."

ते उठले आणि सूत नसलेल्या एका लूमचा स्विच त्यांनी दाबला. "जा वर. बघ थांबतंय का."

थांबलं नाही. बिल्ड पूर्ण झाला. खाली ते तो रिकामा लूम चालवत उभे होते, आणि आता बंद करा म्हणून सांगायला जायचं इरमला धैर्य होईना.