आतड्याची तार घरात चालत नाही

‘त्याग’ हा शब्द तुमच्या पोस्टमधून काढा, सतीशकाका.

सकाळपासून सांगतेय. ग्रुपवर सांगितलं, फोनवर सांगितलं. आता इथे, तुमच्या पोस्टखाली, सगळ्यांसमोर.

अण्णांनी संसारासाठी संगीताचा त्याग वगैरे काही केला नाही. आणि ते गिटार वाजवत नव्हते. डबल बास वाजवायचे. माणसापेक्षा उंच लाकडी धूड, उभं धरायचं, पोटाला टेकवून.

बाकीच्यांसाठी : अण्णा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. सतीशकाकांचे वडील. आज त्यांचा तेरावा.

पन्नासच्या दशकात इथे कँटोन्मेंटच्या क्लबांत रविवारी सकाळी डान्स असायचा. चिकपेटेतल्या, जुन्या कानडी पेठेतल्या मराठी ब्राह्मणाघरचा हा मुलगा संध्या उरकून तिथे फॉक्सट्रॉट वाजवायला जायचा.

ॲम्प नाही, माइक नाही. उजव्या हाताची दोन बोटं. फोड यायचे, फुटायचे, त्यावर पट्टी लावून पुढचं गाणं.

मी विचारलं होतं, इतक्या गोंगाटात ताल कसा धरायचात?

“नाचणाऱ्यांची तोंडं बघायची नाहीत. पाय बघायचे.”

आणि गाणारी वाईट असली तर?

“चांगली असली तर कमी वाजवायचं. वाईट असली तर त्याहून कमी. लपायला जागा द्यायची नाही तिला.”

क्लबात जाताना बास पांढऱ्या चादरीत गुंडाळून टांग्यात आडवा टाकायचे. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, कुणाला तरी नेतायत. चप्पल काढून हात जोडायचे. अण्णाही आतून गंभीर चेहऱ्याने मान हलवायचे.

हा बास घरात मात्र बरीच वर्षं आला नाही.

कारण त्याच्या तारा. तेव्हा त्या मेंढीच्या आतड्याच्या असायच्या, वाळवून पीळ दिलेल्या. अण्णांची आई, म्हणजे माझी पणजी, कडक मडीची. सोवळं म्हणा. आतडं उंबऱ्याच्या आत येणार नाही म्हणजे नाही.

“मृदंगाला कातडं चालतं की, आई.”

“ते देवापुढे वाजतं. तुझं कुणापुढे वाजतं?”

म्हणून बास राहायचा सिरिलकडे. सिरिल त्यांचा ड्रमर, अँग्लो-इंडियन. अण्णा रोज सायकल मारत कँटोन्मेंटला जायचे, वाजवायचे, घरी येऊन आंघोळ, मग जेवण. कित्येक वर्षं.

साठच्या दशकात सिरिलचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. घर रिकामं झालं. बास चिकपेटेच्या ओसरीवर आला, पावसाळ्यात.

ओल धरायला लागला.

पणजी म्हणाली, स्टीलच्या तारा लाव, मग आत आण.

सिरिल जाताना सांगून गेला होता, स्टील लावू नकोस. लाकूड जुनं आहे, आतड्याच्या तारांसाठी बांधलेलं. स्टीलचा ताण सोसणार नाही. अण्णांना हे सिरिलच्या आधीपासून माहीत होतं.

बाहेर ठेवला तर कुजणार. आत आणला तर फुटणार.

“सरी,” म्हणाले अण्णा, कानडीतलं ‘बरं’. आणि स्टील लावलं.

पुढचं आजोबा सांगायचे. दुपारी सगळे पानावर बसले होते. आतल्या खोलीतून फाटकन आवाज आला. बासचं पोट आत गेलं होतं.

पणजी म्हणाली, “काय पडलं बघा रे.”

अण्णा म्हणाले, “काही नाही. स्वल्प सार वाढ.”

जेवण संपवून मग उठले.

नंतर नव्या पोरांनी इलेक्ट्रिक बास हातात दिला त्यांच्या. वाजवून परत केला. “छान आहे. पण पोटाला लागत नाही.”

याला त्याग म्हणतात, काका?

तो फुटका बास जे. पी. नगरच्या या घरात जिन्याखाली उभा राहिला. गेल्या वर्षी मी अण्णांना म्हटलं, नीट करून घेते.

“मेलेल्याला कशाला औषध पाजतेस?”

पण दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, “तार लावशील तर आतड्याची लाव.”

यशवंतपूरच्या एका सुताराने पोट सांधून दिलं. तार मागवली. ती आली तेव्हा अण्णा आयसीयूत होते. मी खिशातून लपवून नेली, त्यांच्या बोटांत दिली. डोळे मिटलेलेच. अंगठ्याने चाचपत राहिले.

मास्कच्या आतून म्हणाले, “घरी नेऊ नको. आई रागावेल.”

चेष्टा होती की भ्रम, मला कळलं नाही. त्यानंतर ते बोलले नाहीत.

आणि काका, दहावा झाला नाही तोच तुमचा कारपेंटर मापं घेऊन गेला. देवनहळ्ळीच्या फार्महाउसवर बार. बास उभा कापायचा, आत काचेच्या फळ्या, बाटल्या, मागून लाइट.

“अण्णांची आठवण राहील,” म्हणालात.

काल दुपारी तुम्ही आजचं सामान आणायला गेलात, तेव्हा मी ती तार चढवली. एकच. एकदा छेडली.

पोटाला लागली.

तर आता असं आहे. आज तेरावा. तुम्ही सोवळ्यात, भटजी आलेत, स्वयंपाक मडीचा. आणि जिन्याखाली मेंढीचं आतडं.

नियम तुमच्या आजीचा आहे. आतड्याची तार या घरात चालत नाही.

म्हणून मी बास बाहेर काढलाय. जिथे नेतेय तिथे तो वाजवणारं कुणीतरी आहे. पत्ता सांगणार नाही.

तुम्ही पानावर बसलायत, मध्ये उठता येणार नाही. खाली टेम्पो उभा आहे. घरात सापडली ती पांढरी चादर गुंडाळलीय.

अण्णांना नेलं ॲम्ब्युलन्समधून. बंद काचा, सिग्नलवर कुणी वळून बघितलं नाही.

आज बघतील.

फोन बंद करतेय.

चला, अण्णा.