बैलाचं मनगट

गौतम गेल्याची बातमी मला सोनपेठहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं दिली. "सर, तुमचे ते हाडांचे मास्तर गेले," असं तिकीट फाडता फाडता म्हणाला आणि पुढच्या सीटकडे सरकला. शाळेत तास चालू असतानाच छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही... याला आता पाच आठवडे झाले. जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं तेव्हा त्याचं कार्ड आलं होतं. 'आज बाबा असायला पाहिजे होते,' एवढी एकच ओळ. उत्तर लिहायचं माझ्याच्यानं झालं नाही. का झालं नाही, ते मला चांगलं ठाऊक आहे.

आम्ही दोघं एकाच गावचे. तो वस्तीतला, मी पाटलाच्या वाड्याजवळचा. दोघं एकाच शाळेत मास्तर झालो, तो विज्ञानाचा, मी भाषेचा. रोज दोन सायकलींवर बरोबर जायचो. शाळेत तो मला 'सर' म्हणायचा, रस्त्यात 'दिगू', आणि गावाची वेस आली की काहीच म्हणायचा नाही. त्याचा तास मात्र ऐकण्यासारखा. "पोरांनो, बैलाचा पुढचा गुडघा कुठं हाय?" असं विचारायचा. सगळी पोरं पुढच्या पायाच्या मधल्या सांध्याकडे बोट करायची. मग हा खूश. "तो गुडघा न्हाई, मनगट हाय! त्याच्या खालची नळी म्हणजे तळहात. वासरू पोटात असताना ती दोन हाडं येगळी असतात, मग एकजीव होतात. खुरं म्हणजे दोन बोटांची नखं. बैल जन्मभर नखावर उभा असतो." वटवाघळाच्या पंखातही हाच हात, फक्त बोटं लांबलेली. आपलाही तोच. हे सांगताना तो स्वतःचा पंजा टेबलावर पसरून ठेवायचा. त्याला एकच ध्यास होता, शाळेत बैलाचा अख्खा सांगाडा उभा करायचा.

एका उन्हाळ्यात आमच्या घरचा ढवळा बैल मेला. मीच त्याला म्हणालो, "घेऊन जा. आमच्या बांधावर पुर, पावसाळा झाला की हाडं काढ." मला वाटलं, मी मित्रावर उपकार करतोय. छप्पनसाली धर्मांतर झालं तेव्हापासून वस्तीनं मेलेलं ढोर ओढायचं बंद केलं होतं, आणि त्या वर्षी सगळ्यांत आधी आपला दोर नदीत सोडला होता तो गौतमच्या वडिलांनी, सखारामबाबांनी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पदवी घेतलेला मास्तर आणि शास्त्राचं काम, यात कुणाला काय दिसणार आहे, असं मी धरून चाललो. त्यानंही तेच धरलं. त्यानं ढवळ्याच्या पायांना दोर बांधला, दुसऱ्या जोडीच्या जुवाला अडकवला आणि भर सकाळी गावातून बांधापर्यंत जोडी हाकत नेली. मी बाजूनं चाललो. माझ्या हातात सायकल होती.

गाव काहीच बोललं नाही. पारावरची माणसं बघून मान फिरवत होती. तो गप्पपणा मला भला वाटला, इतका मी मूर्ख.

पावसाळा सरला. गौतमनं हाडं काढली, धुतली, तारेनं पुढचा एक पाय जोडून वर्गात टांगलासुद्धा. बाकीची पोत्यात होती. आणि त्याच सुमारास माझे चुलते, आमच्या एकत्र घराचे कर्ते आबा, यांची म्हैस मेली. गड्यांकरवी आबांनी ती वस्तीच्या तोंडाशी, जाण्यायेण्याच्या वाटेवर नेऊन टाकली आणि निरोप धाडला, "मास्तराला चालतंय, मग तुमाला का न्हाई? उचला." नामांतराच्या वादात कुठं कुठं घरं जळाल्याच्या बातम्या तेव्हा ताज्या होत्या. पहिल्या दिवशी चार गिधाडं उतरली. दुसऱ्या दिवशी ती मोजता येईनात. वस्तीतल्या बायका पदर नाकाला लावून लांबच्या वाटेनं पाण्याला जायच्या. वस्तीला कामावर कुणी बोलावीना. तिसऱ्या दिवशी पारावर रॉकेलचे दोन डबे येऊन बसले. कुणाचे, कशाला, कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या संध्याकाळी मी वस्तीत गेलो. सखारामबाबा ओट्यावर बसले होते, गौतम खाली मान घालून उभा. बाबा ओरडले नाहीत. "म्या दोर नदीत सोडला व्हता," ते म्हणाले. "तू तो वर काढलास." मला बोलायचं होतं की दोर माझा होता, बैल माझा होता... पण जीभ उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पोतं सायकलला लावून आबांच्या अंगणात आला आणि त्यातली सगळी हाडं ओतली. "तुमचा बैल परत आणलाय, आबा. चूक माजी. वस्तीची न्हाई. म्हैस तुमची तुमी न्या." आबा दारातून हलले नाहीत. मी आतल्या खोलीत उभा राहून हे खिडकीतून पाहिलं. दुपारी आबांच्या गड्यांनी म्हैस ओढून नेली. डबे कुठं गेले कळलं नाही. महिन्याभरात गौतमची सोनपेठला बदली झाली. आबा शाळेच्या मंडळात होते, यापेक्षा जास्त सांगायला नको. सखारामबाबा चारठाण्याला लेकीकडे गेले ते तिथंच वारले. गौतमचं सामान बांधताना वर्गात टांगलेला तो पाय मी त्याच्या पिशवीत ठेवला. माझी सगळी हिंमत तेवढीच.

पुण्यानुमोदनाला, बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीला, मी सोनपेठला गेलो तेव्हा त्याच्या मुलीनं धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हाती दिलं. "पप्पांनी सांगून ठिवलं व्हतं, काका. हा दिगूचा हाय, त्याला द्या."

आता तो पाय माझ्या खोलीत खुंटीला आहे. बायको म्हणते, हाड घरात नको. मी काढत नाही. रोज त्याच्याशेजारी माझा पंजा ठेवून बघतो. मनगटाला मनगट, तळहाताला नळी, नखाला खूर. तो शिकवायचा तसं सगळं जुळतं. याच हातात त्या सकाळी सायकल होती. ती भिंतीला टेकवून मला दोर धरता आला असता.