गुरुवारचं फूल

उरवड्याच्या त्या कारखान्यात खोक्यांवरची लेबलं छापायची, तर आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर एक सर्व्हिस, म्हणजे पडद्याआड चालणारा एक प्रोग्रॅम, चालू असावी लागे. नाटकात विंगेत उभं राहून वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर असतो ना, तसं तिचं काम. चालू आहे तोवर कुणाच्या ध्यानीमनी नाही. गप्प झाली की सगळा खेळ अडला.

दिवाळीनंतर ती दर गुरुवारी बंद पडू लागली. बरोब्बर दहाला. छपाई थांबे, गाड्या फाटकाशी खोळंबत. सर्व्हर सांभाळणारा कैलास धावत जाई, ती पुन्हा सुरू करी आणि घाम पुसत ऐटीत बाहेर येई. सगळे म्हणत, हुशार गडी. त्यालाही तसंच वाटे.

तिसऱ्या गुरुवारी मॅनेजरांनी विचारलं, हे होतंय कशानं? दहाला त्या खोलीत कोण असतं, हे कैलासला ठाऊक होतं. साफसफाई करणाऱ्या धोंडाबाई, कासार आंबोलीतल्या, त्याच्याच आळीतल्या. दर गुरुवारी त्या फरशी पुसून सर्व्हरच्या कपाटावर झेंडूचं एक फूल ठेवत. चहाच्या वेळी, भरल्या कँटीनमध्ये कैलास म्हणाला, "मावशी, तुमचा झाडू वायरीला लागतो. आणि देवपूजा घरी करत जा."

माणसं हसली. धोंडाबाईंनी कप खाली ठेवला. "मी वायरीला हात लावत न्हाई, कैलास," एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे बाहेरचं आवार आलं.

पुढच्या गुरुवारी खोलीला कुलूप, किल्ली कैलासच्या खिशात. दहा वाजले आणि सर्व्हिस बंद पडली.

तेव्हा कुठे त्यानं लॉग उघडला, म्हणजे सर्व्हर स्वतःच लिहून ठेवतो ती नोंद. पहिल्याच दिवशी उघडायला हवी होती. सर्व्हिस कोसळली नव्हतीच. हुकूम मिळाल्यावर निमूट थांबली होती. हुकूम देणाऱ्याचं नाव: कैलास.

मग आठवलं. पूर्वी गुरुवारी वीज जायची, म्हणून कारखान्याची सुट्टीही गुरुवारीच. वीज जायच्या आत सर्व्हिस नीट बंद व्हावी म्हणून त्यानंच दर गुरुवारी दहाला आपोआप सुटणारा हुकूम सर्व्हरमध्ये लावून ठेवला होता. दिवाळीपासून सुट्टी रविवारी गेली. हुकूम तसाच राहिला.

त्यानं तो पुसला. अहवालात 'तांत्रिक बिघाड' लिहिलं. कुणी काही विचारलं नाही, आणि तिथंच सगळं मिटलंही असतं. पण खिडकीतून धोंडाबाई दिसत होत्या, उन्हात पाला गोळा करताना. त्याला बसवेना. खाली जाऊन त्यानं हळूच सांगितलं, की चूक त्याची होती, त्यांनी उद्यापासून आत यावं.

त्यांनी खराटा टेकवला. "हितं कशाला सांगतुयास? हितं कोण हाय?"

चहाच्या वेळी कैलास कँटीनमध्ये उभा राहिला. एरवी फडाफडा बोलणारा, आज एकेक शब्द जुळवत म्हणाला, "तो हुकूम माझाच होता. न बघता मावशींवर आळ घेतला." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं त्याला वाटलं. धोंडाबाईंनी चहा संपवला, उठल्या आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

पुढच्या गुरुवारी दहा वाजून गेले, लेबलं छापली जात राहिली. खोलीतली फरशी लख्ख होती. कपाटावर फूल नव्हतं. देवपूजा घरी करा, असं तोच म्हणाला होता.