नसलेली एकोणतीस तारीख

संगणकाच्या एका भाषेचे दोन अवतार होते, जुना आणि नवा. भाषेबरोबर मिळणारं तयार सामान, म्हणजे तारखा, बेरजा, शब्दांचा क्रम, दोन्हींत तस्संच वागायला हवं. त्यातला तारखांचा भाग तपासायचं काम थायलंडच्या खोनकेनमधल्या सुपान्नीकडे. नवीन पोरांना ती सुनावायची, "सारखं म्हणजे सारखं. जवळपास नव्हे."

अठ्ठावीस फेब्रुवारीच्या दुपारी तिचा नवरा थावीप पायऱ्यांवर बसून खुशीत होता. "इस्पितळाचा मेसेज आला नाही. म्हणजे मी बरा झालो! आण भाजलेली केळी."

"गप्प बसा."

मूत्रपिंडं गेलेल्या माणसाला केळं म्हणजे विष, आणि उद्याचं डायलिसिस चुकलं तर छातीत पाणी. बरा झाला म्हणे! डायलिसिसच्या आदल्या दिवशी येणारा आठवणीचा मेसेज आजवर चुकला नव्हता. पण गेल्याच आठवड्यात इस्पितळाने आपल्या संगणकांवर तो नवा अवतार बसवला होता.

सुपान्नीने लॅपटॉप उघडला आणि दोन्ही अवतारांना एकच तारीख दिली: उद्याची, २९ फेब्रुवारी २५६७; थायलंडच्या बौद्ध सालात २०२४ म्हणजे २५६७. जुन्याने मुकाट घेतली. नव्याने सांगितलं, अशी तारीखच नाही.

नवा अवतार चियांगमाईच्या चातूपोनने लिहिलेला. तिने फोन लावला.

"चातू, लीप वर्ष कसं ओळखतोस?"

"चारने भाग जातो का बघतो. का गं ताई?"

"कुठल्या सालाला? आपल्या बौद्ध सालाला? आधी पाचशे त्रेचाळीस वजा कर ना, मुडद्या!"

तो हळूच म्हणाला, "तुझ्या चाचण्या पास झाल्या होत्या, ताई."

झाल्या होत्या. इंग्रजी सालाची एकोणतीस तिने तपासली होती, बौद्ध सालाची नाही. कपाळ बडवून घ्यायलाही वेळ नव्हता. थावीपला रिक्षात घालून तिने इस्पितळ गाठलं.

नर्स राचनी म्हणाली, "काकांना उद्या आणा, मी डायलिसिसची खुर्ची देते. घाबरता काय एवढ्या?"

"आणखी कोणाकोणाला मेसेज गेला नाही?"

"जे मला दिसतच नाहीत, ते कसे सांगू, मावशी?"

सुपान्नीला एकच विद्या येत होती: दोघांपुढे तेच ठेवायचं आणि फरक शोधायचा. राचनीने उघडून दिलेल्या इस्पितळाच्या मूळ नोंदी तिने जुन्या अवतारातून काढून नव्याशी ताडल्या. ज्या जुन्या रोग्यांच्या तारखा बौद्ध सालात लिहिल्या होत्या, नेमके तेच गळले होते. दोघींनी फोन वाटून घेतले. एकेक जण सापडत गेला. उरली बुआलोई आजी. तिचा फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. सुपान्नीने पुन्हा लावला. पुन्हा.

शेवटी उचलला. "मेसेज नाही म्हणून लेकीकडे आले, पार मेकाँग नदीच्या काठाला. उद्या सुट्टी ना गं?"

"सुट्टी नाही, आजी! आत्ता निघा."

"आत्ता? अगं, केळी भाजलीत."

"खाऊ नका!"

पलीकडून उत्तर आलं, पण घास तोंडात घेऊन बोलल्यासारखं. राचनीने फोन हिसकावला. "आजी, थुंका ते. आणि गाव कुठलं सांगा, गाडी पाठवते."