म्हशींच्या दावणीला क्लॅरनेट

मी क्लॅरनेट वाजवते. वडील लग्नाच्या बँडमध्ये होते, त्यांच्याकडूनच शिकले. बाईच्या हातात हे वाद्य दिसलं की लोक टक लावून बघतात. त्याची मला सवय आहे. पण अजिंठ्याजवळच्या एका गावच्या जत्रेत जे झालं, त्याची सवय मी मुद्दामच होऊ दिली नाही.

जत्रेला जोडून जनावरांचं प्रदर्शन भरलं होतं. शहरातल्या पुंडलिकनगरहून मी आणि ढोलकी वाजवणारा माझा मावसभाऊ सकाळीच निघालो. पोचलो तर स्टेज सजलेलं, दोन्ही बाजूंना माणसाहून उंच स्पीकर. आयोजक म्हणाले, "ताई, तुम्ही नुसतं तोंडाला लावून उभं राहायचं. गाणी पेनड्राइव्हवर लावतोय."

"मग मला कशाला बोलावलं?"

"बॅनरवर लई भारी दिसतं ना! पण बाईमाणसाचा आवाज इतक्या लांब नाय पोचायचा. दम लागतो त्याला."

दमाचं मला सांगत होते! लेक पोटात असताना मी क्रांती चौकातून वरातीपुढं वाजवत गेलेली बाई आहे.

"वाजवीन तर खरं वाजवीन," असं म्हणून मी स्टेजवर चढले. त्यांनी तरीही गाणं सुरू केलं. समोरची माणसं माना डोलवायला लागली. त्यांना वाटलं, सूर माझेच. अंगाचा नुसता भडका उडाला. मी क्लॅरनेट दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं, सगळ्यांना दिसेल असं. गाणं चालूच. गर्दीत आधी कुजबुज, मग हशा. मी पायऱ्या उतरले.

मैदानाच्या टोकाला म्हशींची दावण होती. तिथं स्पीकरचा त्रास कमी. एका म्हातारीला विचारलं, "आजी, इथं वाजवू का? म्हस बुजंल का?"

"वाजव की माय. त्या भोंग्यानं सकाळपासून तिनं वैरणीला तोंड लावलं नाय."

भावानं वैरणीच्या पालथ्या पाटीवर बसून ढोलकी मांडीवर घेतली. मी डोळे मिटून सुरुवात केली. जरा वेळानं पदराला ओढ बसली. बघते तर म्हैस पदर चघळत उभी! ओढून घ्यायचा तर सूर तुटला असता. मी वाजवतच राहिले. तोवर दावणीभोवती माणसंच माणसं, काही तर बैलगाडीवर चढलेली.

आयोजक घाम पुसत आले. "ताई, वर चला. माईक देतो."

"लोक इथं आलेत. माईक इथं आणा."

त्यांनी आणला नाही. मी दम संपेस्तोवर वाजवलं. म्हातारीनं पदराची लाळ स्वतःच्या लुगड्यानं पुसली आणि आम्हाला भाकरी-ठेचा खाऊ घातला.

परतताना भाऊ म्हणाला, "या गावचं बोलावणं आता संपलं बघ."

"संपू दे," मी म्हटलं, आणि पुढच्या गावची तारीख पक्की करायला फोन लावला.